टीबीचे निदान ते शेवटची गोळी: ठाणे–नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझ्या धाकट्या भावाला फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निष्पन्न झाले. तो परभणीहून रबाळ्याच्या एमआयडीसीत नोकरीला आला होता आणि घणसोलीत आणखी चौघांबरोबर एका खोलीत राहत होता. खोकला सुरू झाल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत आमचे नऊ आठवडे गेले आणि त्यांतले किमान सहा आठवडे केवळ कुठे जायचे, काय मागायचे आणि कोणता कागद लागतो हे ठाऊक नसल्यामुळे वाया गेले. या रोगावरची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत आणि औषधे पूर्ण घेतली तर रोग बरा होतो. माणूस अडखळतो तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना: खासगी दवाखान्यातून सरकारी केंद्रात, एका महापालिकेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत, शहरातून गावी. म्हणून या वळणांवर काय करायचे तेच मी मुख्यतः लिहिले आहे. उपचाराचा निर्णय मात्र सर्वस्वी तुमच्या डॉक्टरांचाच.

१. दोन आठवड्यांचा खोकला असेल तर थुंकीची तपासणी मागून घ्या

दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, भूक मंदावणे, वजन उतरणे, छातीत दुखणे, बेडक्यातून रक्त पडणे, यांपैकी काहीही असेल तर टीबीची तपासणी करून घ्यावी. टीबी केवळ फुप्फुसालाच होतो असे नाही. मानेतली न दुखणारी गाठ, बरी न होणारी पाठदुखी, पोटात साचणारे पाणी यांमागेही तो असू शकतो आणि अशा वेळी खोकला मुळीच नसू शकतो.

पहिला सापळा इथेच आहे. भावाला आमच्या भागातल्या एका दवाखान्यात आधी खोकल्याचे औषध मिळाले, मग पाच दिवसांच्या गोळ्या, मग आणखी सात दिवसांच्या वेगळ्या गोळ्या. मधे चार दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा खोकला उसळायचा. नंतर समजले की लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविके टीबीच्या जंतूंना तात्पुरती दाबतात आणि त्यामुळे खरे निदान लांबते. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले नाही तरी ‘माझी थुंकी टीबीसाठी तपासायची आहे, चिठ्ठी द्या’ असे स्पष्ट म्हणावे. चिठ्ठी नसली तरी पालिकेच्या आरोग्य केंद्रात सरळ जाता येते.

मधुमेह असलेल्यांनी, एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी, धूम्रपान किंवा मद्यपान करणाऱ्यांनी आणि दगडखाणीत किंवा क्रशरवर काम केलेल्यांनी तर दोन आठवडेही थांबू नये. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि अशा फुप्फुसात टीबी सहज शिरतो. तुर्भे, दिघ्याच्या बाजूला डोंगराच्या कडेने राहणाऱ्या अनेक कुटुंबांत खाणीवर राबलेले एखादे माणूस असतेच.

२. तुमचे केंद्र कोणत्या हद्दीत येते ते आधी पाहा

तपासणी कुठेही करता येते, पण औषधे मिळतात ती साधारणपणे तुम्ही राहता त्या भागातल्या केंद्रातून. आपल्या पट्ट्यात नव्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे. विटाव्याची हद्द संपून दिघा लागला की महापालिका बदलते: कळवा, विटावा, मुंब्रा, कोपरी, वागळे इस्टेट ही ठाणे महापालिका, तर दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरूळ, बेलापूर ही नवी मुंबई महापालिका. खारघर, कामोठे, कळंबोली यांना लोक बोलताना नवी मुंबईच म्हणतात, पण तिथली महापालिका पनवेलची आणि जिल्हाही रायगड. कळव्यात राहून महाप्याला कामाला जाणाऱ्याने कामाजवळचे केंद्र गाठले तर तपासणी होईल, पुढची नोंद मात्र राहत्या पत्त्याच्या केंद्राकडे पाठवली जाईल. हे आधीच माहीत असले तर ‘तुम्ही आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य ऐकून निराश होऊन घरी परतण्याची वेळ येत नाही.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात सकाळी ओपीडीच्या वेळेत जाऊन ‘टीबीचे काम कोण पाहते’ असे विचारणे. आशाताई तुमच्या गल्लीत येत असतील तर त्यांना विचारा. त्या नेमके टेबल दाखवतात. काहीच समजले नाही तर १८००-११-६६६६ हा नि-क्षय संपर्क या टीबीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक आहे.

३. बरोबर काय न्यायचे

आधार कार्ड व त्याची एक प्रत, बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, चालू असलेला मोबाइल क्रमांक, आधीचे एक्स-रे व अहवाल, आतापर्यंत घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या किंवा रिकाम्या पट्ट्या, मधुमेह अथवा अन्य आजाराची औषधे चालू असल्यास त्यांची यादी आणि कामगार विमा असल्यास त्याचे कार्ड. पूर्वी कधी टीबीची औषधे घेतली असतील तर ते आवर्जून सांगा, जुने कार्ड सापडले तर न्या. लाजेने लपवलेली ही एक गोष्ट पुढचा सगळा उपचार चुकवू शकते. आधार हाती नाही म्हणून तपासणी लांबणीवर टाकू नका; ते मुख्यतः पैशांच्या योजनेसाठी लागते.

४. थुंकीचा नमुना नीट द्या

वाचायला हे क्षुल्लक वाटेल, पण सगळ्या निदानाचा पाया इथेच आहे. भावाने पहिल्या दिवशी डबीत जे दिले ते पाहून प्रयोगशाळेतल्या ताईंनी डबी उजेडात तिरपी धरली आणि म्हणाल्या, ‘ही लाळ आहे, यात काही सापडायचे नाही.’ पाण्यासारखे पातळ, फेसाळ ते लाळ. घट्ट, चिकट, पिवळसर किंवा पांढरट ते खरे बेडके. त्यांनी सांगितलेली रीत अशी:

सकाळी उठल्यावर काही खाण्यापूर्वी नुसत्या पाण्याने दोन-तीन वेळा चूळ भरावी. उघड्यावर, शक्यतो गच्चीत किंवा खिडकीपाशी, इतरांपासून दूर उभे राहावे. खोल श्वास घेऊन क्षणभर रोखावा, असे दोन-तीनदा करावे आणि मग पोटातून जोर लावून खोकावे. छातीतून वर आलेला बेडका सरळ डबीत घ्यावा. साधारण २ ते ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा ते एक चमचा पुरतो. झाकण घट्ट लावावे आणि डबीवर आपले नाव आहे ना ते पाहावे. एक नमुना केंद्रात तिथल्या तिथे घेतात आणि दुसरा पहाटेचा घरून आणायला सांगतात. हा दुसरा नमुना टाळू नका, कारण रात्रभर साचलेल्या बेडक्यात जंतू सापडण्याची शक्यता अधिक असते.

भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आमच्या ऐरोलीच्या इमारतीच्या गच्चीवर उभा राहिला आणि पाच-सहा वेळा खोकल्यावर तो बेडका पडला. त्याच नमुन्यात निदान झाले.

५. कोणती तपासणी झाली ते विचारा

दुर्बिणीखाली थुंकी पाहण्याची पद्धत जुनी असून तिच्यात जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते ५ ते १० हजार तरी असावे लागतात. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रे जंतूचे जनुकीय द्रव्य ओळखतात, त्यामुळे थोडे जंतू असले तरी ती पकडतात आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही त्याच वेळी सांगतात. ट्रूनॅट तर भारतातच तयार झालेले यंत्र आहे. ‘माझी नॅट (म्हणजे यांपैकी एका यंत्रावरची) तपासणी झाली का?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारावा. दुर्बिणीखालची तपासणी निगेटिव्ह आली आणि लक्षणे कायम राहिली तर तिथेच थांबू नये, नॅट व छातीचा एक्स-रे यांसाठी आग्रह धरावा.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. रक्तातील प्रतिपिंडे पाहून टीबी सांगणाऱ्या तपासण्या इतक्या चुकतात की भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची, पण प्रतिपिंडे न पाहणारी) या चाचण्या वैध आहेत, पण त्यांतून शरीरात जंतू शिरल्याचे कळते, रोग झाल्याचे नव्हे. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू सुप्त असतो आणि त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो.

निदान झाल्यावर एचआयव्ही आणि रक्तातील साखर यांची तपासणी प्रत्येक रुग्णाची केली जाते. त्यात संशय घेण्यासारखे किंवा अपमानास्पद काही नाही, कारण उपचार ठरवायला ती माहिती लागतेच.

अहवालात रिफाम्पिसिनला प्रतिरोध आढळला तर घाबरून खासगी औषधे सुरू करू नका. अशा रुग्णांसाठी वेगळे केंद्र असते आणि तिथल्या तपासण्या, औषधे हीसुद्धा मोफत असतात. पूर्वी हा उपचार दीड-दोन वर्षे चालायचा. २०२४ मध्ये केंद्र सरकारने बीपाम (BPaLM) या चार औषधांच्या नव्या औषधयोजनेला मान्यता दिली आणि ती लागू पडणाऱ्या रुग्णांचा उपचार सुमारे सहा महिन्यांत पुरा होऊ शकतो.

६. नि-क्षय क्रमांक हाती घेतल्याशिवाय उठू नका

निदान झाले की तुमची नोंद नि-क्षय या राष्ट्रीय प्रणालीत होते आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो. केसपेपर हरवला, मोबाइल बदलला, गाव बदलले तरी या एका क्रमांकावर देशातल्या कोणत्याही केंद्रात तुमचा उपचार पाहता येतो. मी तो भावाच्या कार्डावर, माझ्या मोबाइलमध्ये आणि आमच्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर, अशा तीन ठिकाणी लिहून ठेवला होता.

खासगी डॉक्टरांकडे उपचार घेत असाल तरीही ही नोंद व्हायलाच हवी. ७ मे २०१२ पासून टीबीची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. नोंद झाली की त्याच डॉक्टरांकडे राहूनही पोषण योजनेचे पैसे (पायरी ९ पाहा) मिळू शकतात, म्हणून ‘माझी नि-क्षय नोंद केली का, क्रमांक काय?’ असे त्यांना विचारण्यात काहीच गैर नाही.

७. गोळ्या: रोज, सगळ्या एका वेळी, शेवटच्या दिवसापर्यंत

नेहमीच्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकाच गोळीत एकत्र असतात. पुढचे चार महिने त्यांतील पायराझिनामाइड वगळून तीन. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: प्रौढांसाठी ३५ ते ४९ किलोला रोज ३ आणि ५० ते ६४ किलोला रोज ४. म्हणून पहिल्या भेटीत वजन काट्यावर घेतले की नाही याकडे लक्ष ठेवा, अंदाजाने लिहू देऊ नका. भावाचे वजन ४७ किलो भरले होते.

पहिल्याच दिवशी त्याने न्हाणीघरातून घाबरलेल्या आवाजात हाक मारली, कारण लघवी लालसर नारिंगी झाली होती. रिफाम्पिसिनमुळे असे होते, त्यात धोका काही नाही. घामाला, डोळ्यांतल्या पाण्यालाही तो रंग येऊ शकतो. हे कोणी आधी सांगितले नाही तर माणूस रक्त जाते आहे असे समजून गोळ्या बंद करतो, म्हणून मी हे इथे मुद्दाम लिहिते आहे.

पुढील त्रासांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. डोळे किंवा त्वचा पिवळी होणे, सतत उलट्या, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणे ही यकृतावर ताण आल्याची लक्षणे असू शकतात; त्याच दिवशी केंद्रातल्या डॉक्टरांना गाठावे, कोणते औषध थांबवायचे ते तेच ठरवतील. नजर अंधुक होणे किंवा लाल-हिरवा रंग नीट न ओळखता येणे हे इथॅम्ब्युटॉलमुळे होऊ शकते. हातापायांना मुंग्या आल्या तर पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व देतात. सांधे दुखू शकतात. उपचार चालू असताना दारू पूर्ण बंद. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. गरोदरपणातही टीबीचा उपचार करता येतो आणि करायलाच हवा.

सर्वांत मोठा सापळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. ताप जातो, भूक लागते, खोकला थांबतो आणि माणसाला वाटते की आपण बरे झालो. त्या वेळी शरीरात हळू वाढणारे, दडून बसलेले जंतू शिल्लक असतात. औषध तिथे सोडले की तेच पुन्हा वाढतात, आणि मधूनच घेतलेल्या औषधांना सरावलेले जंतू पुढे प्रतिरोधी टीबी होऊन बसतात. आम्ही स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोज गोळी घेतल्यावर खूण करायचो, ती खूण भावाने स्वतःच्या हाताने करायची असा नियम होता. गोळ्या संपायच्या चार-पाच दिवस आधीच पुढचा साठा आणा, शेवटच्या गोळीची वाट पाहू नका.

८. घरातल्यांची तपासणी आणि घरातली हवा

टीबी हवेतून पसरतो: खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलताना उडालेल्या सूक्ष्म कणांतून. ताट, वाटी, कपडे, हस्तांदोलन यांतून तो पसरत नाही. भाऊ आमच्याकडे राहायला आला त्या दिवशी सासूबाईंनी धास्तीने त्याची ताट-वाटी वेगळी काढली होती. केंद्रातून आलेल्या कार्यकर्तीने समजावल्यावर त्यांनी स्वतःच ती उचलून इतर भांड्यांत ठेवली आणि त्या रात्री भाऊ सर्वांबरोबर जेवला. औषधांइतकीच त्याला त्या ताटाची गरज होती असे मला मनापासून वाटते.

वेगळी हवी असते ती हवा. घणसोलीच्या त्या खोलीला एकच खिडकी होती आणि डासांमुळे ती कायम बंद असायची. खिडकीला जाळी लावून ती उघडी ठेवा, समोरचे दार उघडून वारा आरपार जाऊ द्या, ऊन आत येऊ द्या. पहिले काही आठवडे रुग्णाने मास्क लावावा आणि शक्यतो हवेशीर जागी वेगळे झोपावे. योग्य औषधांनी संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो. बेडका रस्त्यावर किंवा मोरीत न थुंकता झाकणाच्या डबीत, थोडे फिनाईल घालून, टाकावा.

एकत्र राहणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करून घ्यावी. खोलीतले सोबतीही यात येतात, ते नात्याचे नाहीत म्हणून त्यांना वगळू नका. ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंधक उपचार दिला जातो: आयसोनियाझिड रोज सहा महिने, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ आठवडे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हे विशेष महत्त्वाचे. जन्मतः दिलेली बीसीजी लस मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, पण मोठेपणी फुप्फुसाचा टीबी होणार नाही याची हमी ती देत नाही.

९. खाणे, पैसे आणि नोकरी

नि-क्षय पोषण योजनेत १ नोव्हेंबर २०२४ पासून उपचाराच्या काळात दरमहा १००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. त्याआधी ५०० मिळत असत. पैसे आले नाहीत तर बहुतेक वेळा कारण खात्यात असते: आधार जोडलेले नाही, खाते बंद पडले आहे किंवा नावे जुळत नाहीत. भावाच्या पासबुकावर वडिलांचे नाव नव्हते आणि आधारवर होते, एवढ्यावर पहिला हप्ता अडला. खाते नसेल तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत आधारवर उघडता येते. काही भागांत नि-क्षय मित्र म्हणून पुढे आलेल्या व्यक्ती व संस्था धान्याचे किट देतात, केंद्रात चौकशी करा.

हे पैसे खाण्यावरच जावेत. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की रुग्णाच्या घरातल्यांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील टीबीचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. महागडी पावडर लागत नाही. आमच्याकडे रोज दोन अंडी, डाळ किंवा मोडाची उसळ, मूठभर शेंगदाणे, दूध आणि भाकरी एवढेच होते; शाकाहारींनी अंड्यांऐवजी पनीर, सोयाबीन घ्यावे. सहाव्या महिन्यात काटा ५४ वर गेला.

कारखान्यात पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जात असेल तर हा हक्क बहुतेकांना माहीतच नसतो: आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि टीबी दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने, वर्गणीच्या व सलग नोकरीच्या अटी पूर्ण असल्यास, त्यापुढेही ८० टक्के दराने लाभ मिळू शकतो. त्यासाठी विमा दवाखान्याच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, म्हणून कामावर न सांगता गैरहजर राहू नका.

१०. गावी जायचे असेल तर

गणपती, दिवाळी, लग्नसराई, शेतीची कामे; गावी जाणे थांबत नाही आणि उपचार तुटतात ते बहुधा इथेच. चार-आठ दिवसांसाठी जात असाल तर तेवढ्या गोळ्या आधी मागून घ्या. जास्त दिवस राहायचे असेल तर केंद्रात गावाचे, तालुक्याचे नाव सांगून नि-क्षयमध्ये बदली करून घ्या आणि पोहोचल्यावर दोन दिवसांत तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात क्रमांक दाखवा. भाऊ उपचार चालू असताना तीन आठवडे परभणीला होता तेव्हा त्याचा एकही दिवस चुकला नाही, कारण बदली आठवडाभर आधी झाली होती.

११. शेवटची गोळी घेतल्यावर

दोन महिन्यांनी आणि उपचाराच्या शेवटी थुंकी तपासली जाते. या दोन्ही तारखा कार्डावर लिहून घ्या. उपचार पूर्ण झाल्याची नोंद आणि निकाल कार्डावर घेतल्याशिवाय ते परत देऊ नका आणि त्याची प्रत जपून ठेवा. पुढे ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी लक्षणांची चौकशी व गरजेप्रमाणे थुंकी तपासणी होते. मधल्या काळात पुन्हा दोन आठवडे खोकला राहिला तर नव्या दवाखान्यात न जाता तेच कार्ड घेऊन त्याच केंद्रात जा.